ओतकामाचे प्रमाणपत्र आणि त्याची सत्यता : डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

डोंबिवलीची ओळख सामान्यतः चाकरमान्यांचे शहर, साहित्य व नाट्यप्रेमी मध्यमवर्गाचे शहर अशी करून दिली जाते. १९६० च्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वसविलेल्या औद्योगिक क्षेत्रामुळे या शहराला दुसरी ओळख मिळाली. रसायने, रंगद्रव्ये, औषधी द्रव्ये आणि कापडावरील रंगप्रक्रिया हे येथील प्रमुख उद्योग होत. त्यांपैकी बहुतेकांना वाफ लागते, आणि वाफ म्हटली की बाष्पक, वाफेच्या नळ्या, व्हॉल्व्ह व पंप ओघाने आले. व्हॉल्व्हचे धड किंवा पंपाचे कवच हे बहुधा ओतीव असते. भट्टीत वितळविलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून ते तयार होते आणि कारखान्यात येताना त्याच्यासोबत एक कागद येतो. व्यवहारात त्यास ‘टी.सी.’ म्हणतात. ‘माल आला, पण टी.सी. आली का ?’ हा प्रश्न भांडारपालाच्या तोंडी रोजचा आहे.

हा कागद धातूविषयी साक्ष देतो. त्यात कार्बन किती, मँगनीज किती, गंधक व फॉस्फरस किती, ताणबल किती, दीर्घीकरण किती हे लिहिलेले असते. ज्या वस्तूविषयी हे लिहिले आहे ती पुढ्यात असली, तरी तिच्याकडे नुसते पाहून यांपैकी एकही गोष्ट कळत नाही. म्हणजे येथे प्रत्यक्ष वस्तूपेक्षा तिच्याविषयीच्या दस्तऐवजावर विश्वास ठेवून व्यवहार चालतो. दस्तऐवजाची विश्वसनीयता हा इतिहासाच्या अभ्यासकाचा नित्याचा विषय आहे. तरीही औद्योगिक कागदपत्रांकडे मराठी इतिहासलेखनाने त्या दृष्टीने फारसे पाहिलेले नाही. प्रस्तुत निबंधात या प्रमाणपत्राचा उगम, त्यामागील कायदा आणि त्याच्या पडताळणीच्या मर्यादा यांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

वस्तूवरील खूण व वस्तूपासून वेगळा कागद

धातूची परीक्षा ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. ‘कस लावणे’ आणि ‘कसोटी’ हे शब्दच सोनाराच्या काळ्या दगडावरून भाषेत आले. पेशवाईत नाना तऱ्हेची नाणी चलनात होती. त्यांचा कस पाहून बट्टा ठरविणे हे सराफाचे, व सरकारी खजिन्यात पोतदाराचे काम असे. या पद्धतीत परीक्षा प्रत्यक्ष त्या नाण्याची होई. कागदाची मध्यस्थी नव्हती.

ओतकामाच्या बाबतीत जुनी रीत म्हणजे वस्तूवरच लेख उमटविणे. अहमदनगर येथे १५४९ मध्ये ओतलेल्या आणि पुढे विजापुरास गेलेल्या ‘मलिक-ए-मैदान’ तोफेवर तिच्या रूमी ओतकाराचे नाव आहे. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटा महाराष्ट्रातील अनेक देवळांत आजही टांगलेल्या आहेत. त्यांपैकी काहींवर क्रूस व ओतल्याचे वर्ष धातूतच उमटलेले आहे. वस्तू जिथे गेली तिथे तिची नोंद गेली. घंटेचा धर्म बदलला तरी तिचा जन्मसन बदलता आला नाही. तोफेच्या बाबतीत अंतिम परीक्षा म्हणजे जादा दारू भरून ती डागून पाहणे. ही परीक्षाही त्याच तोफेची होती, तिच्या नमुन्याची नव्हती.

वस्तू आणि तिच्याविषयीची साक्ष यांची फारकत झाली ती औद्योगिक काळात. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला व १ मे १८५४ रोजी तो कल्याणपर्यंत पोहोचला. त्यासाठी लागणारे रूळ व इंजिने ब्रिटनमधून जहाजाने आली. मुंबईतील वॉटसन हॉटेलच्या १८६० च्या दशकातील इमारतीचा लोखंडी सांगाडाही तिकडेच घडवून येथे उभारला गेला. खरेदीदार येथे आणि भट्टी सहा हजार मैलांवर. अशा स्थितीत माल तेथेच कोणीतरी तपासावा व तसे लिहून द्यावे, याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. आजच्या टी.सी.चे मूळ या अंतरात आहे.

टे नदीवरील पूल

स्कॉटलंडमधील टे नदीवरील रेल्वे पूल १ जून १८७८ रोजी वाहतुकीस खुला झाला. तत्पूर्वी सरकारी निरीक्षक मेजर जनरल हचिन्सन यांनी तीन दिवस तपासणी करून त्यास मान्यता दिली होती. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात पुलाचा मधला भाग कोसळला आणि त्यावरील गाडी सर्व प्रवाशांसह नदीत गेली. चौकशीत जी माहिती बाहेर आली ती ओतकामाच्या इतिहासात महत्त्वाची ठरते. पुलाचे खांब बिडाचे होते व ते पुलाजवळच वॉर्मिट येथे उभारलेल्या ओतशाळेत ओतले होते. ओतताना राहिलेल्या हवेच्या पोकळ्या मेण, राळ, लोखंडाचा कीस व काजळी यांच्या मिश्रणाने बुजविल्या जात, अशा साक्षी तेथील कामगारांनी दिल्या. वरून रंग दिला की खाच दिसेनाशी होई. तिरकस पट्ट्या ज्या बिडाच्या कानांना जोडल्या होत्या, ते कान अपेक्षेपेक्षा कमी भारात तुटत असल्याचे नंतरच्या चाचण्यांत आढळले.

या चाचण्या करणारा डेव्हिड किर्काल्डी याची लंडनमधील खाजगी चाचणीशाळा त्या काळी प्रसिद्ध होती. ना उत्पादक, ना खरेदीदार अशा तिसऱ्या माणसाने शुल्क घेऊन धातू तोडून पाहावा आणि आकडा सांगावा, ही कल्पना त्याने व्यवसाय म्हणून रुजविली. आज ‘थर्ड पार्टी’ हा शब्द आपल्या औद्योगिक वसाहतींत मराठी शब्दाइतक्या सहजतेने वापरला जातो. त्याची वंशावळ येथवर जाते.

तथापि टे प्रकरणातील एक मुद्दा बहुधा दुर्लक्षित राहतो. हचिन्सन यांची तपासणी खोटी नव्हती. त्यांनी पुलावरून इंजिने चालवून पाहिली होती व जे पाहिले ते प्रामाणिकपणे नोंदविले होते. बिडाच्या पोटात काय आहे हे त्यांच्या तपासणीच्या कक्षेतच नव्हते. प्रमाणपत्र प्रामाणिक असूनही अपुरे असू शकते, आणि अपुरेपणा बनावटीपेक्षा ओळखण्यास कठीण असतो.

जमशेदपूर आणि अलीपूर

हिंदुस्थानात धातूच्या चाचणीची व्यवस्था उभी राहिली ती मुख्यत्वे रेल्वेच्या गरजेतून. टाटांच्या साकची येथील कारखान्यातून १९१२ मध्ये पोलाद बाहेर पडू लागले. सरकारने दहा वर्षे दरसाल वीस हजार टन रूळ घेण्याची हमी दिली होती. तिला ब्रिटिश मानकांप्रमाणे माल उतरण्याची अट होती. त्याच १९१२ साली रेल्वे बोर्डाच्या पुढाकाराने कलकत्त्यास अलीपूर येथे सरकारी चाचणीगृह स्थापन झाले. तेच पुढे ‘नॅशनल टेस्ट हाउस’ म्हणून ओळखले गेले. देशी मालाविषयी साहेबाच्या मनात असलेली शंका हेही या व्यवस्थेमागील एक कारण होते, हे नाकारता येत नाही. परंतु शंकेतून उभी राहिलेली व्यवस्था देशी उद्योगाच्या उपयोगाचीच ठरली. मानकाला उतरलेला माल ‘देशी’ म्हणून नाकारणे त्यानंतर अवघड झाले.

६ जानेवारी १९४७ रोजी भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९५२ च्या कायद्याने तिला प्रमाणचिन्ह देण्याचा अधिकार मिळाला. १९८७ मध्ये तिचे रूपांतर भारतीय मानक ब्युरोत झाले. करड्या बिडासाठी आय.एस. २१०, पोलादी ओतकामासाठी आय.एस. १०३० ही मानके ओतशाळांत घराघरांतील पंचांगासारखी वापरली जातात. एफ.जी. २०० असे बिडाचे नाव घेतले की त्यातच किमान ताणबल दर चौरस मिलिमीटरला २०० न्यूटन असल्याचे अभिवचन येते. हे अभिवचन पाळले गेले की नाही, हे मात्र नाव सांगत नाही.

बाष्पकांचा कायदा

डोंबिवलीसारख्या वसाहतीच्या दृष्टीने मानकांपेक्षा जवळचा विषय म्हणजे बाष्पकांचा कायदा. १८६३ मध्ये कलकत्त्यात बाष्पकाचा स्फोट होऊन प्राणहानी झाली आणि पुढच्याच वर्षी बंगालच्या विधिमंडळाने तपासणीचा कायदा केला. नंतर मुंबईसह इतर प्रांतांनी आपापले कायदे केले. त्यांच्यात एकवाक्यता नव्हती. एका प्रांतात मान्य झालेले बाष्पक दुसऱ्या प्रांतात अमान्य ठरे. १९२०-२१ च्या समितीनंतर १९२३ चा केंद्रीय अधिनियम झाला. १९३७ मध्ये केंद्रीय बाष्पक मंडळ आले आणि या मंडळाने केलेली भारतीय बाष्पक विनियमावली १९५० पासून लागू झाली. कारखान्यांत ‘आय.बी.आर.’ या नावाने ओळखली जाते ती हीच. २०२५ मध्ये संसदेने नवा बाष्पक अधिनियम करून १९२३ चा कायदा रद्द केला.

या विनियमावलीचे वैशिष्ट्य असे, की ती केवळ बाष्पकापुरती थांबत नाही. ज्या धातूपासून ते बनले त्या धातूच्या निर्मात्यापर्यंत मागे जाते. पोलाद करणाऱ्याने विहित नमुन्यात प्रमाणपत्र द्यावयाचे, ओतकाम करणाऱ्याने द्यावयाचे, व्हॉल्व्ह बनविणाऱ्याने द्यावयाचे आणि तपासणी अधिकाऱ्याने त्यावर स्वाक्षरी करावयाची, अशी साखळी तीत कल्पिली आहे. ठराविक दाब व तापमानापलीकडे वाफेसाठी बीड वापरण्यास ती मनाई करते, कारण बीड वाकत नाही, एकदम तुटते. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालयाकडे आहे.

साखळीतील प्रत्येक कडी दर वेळी सरकारी माणसाने तपासणे अशक्य असते. म्हणून विनियमांत ‘सुप्रसिद्ध’ निर्माता अशी संकल्पना आली. ज्या पोलाद कारखान्याची किंवा ओतशाळेची यंत्रसामग्री, प्रयोगशाळा व कार्यपद्धती पाहून मंडळाने तिला मान्यता दिली, तिचे स्वतःचे प्रमाणपत्र पुरेसे मानले जाते. २००७ च्या दुरुस्तीने सक्षम व्यक्ती व खाजगी तपासणी संस्था यांनाही स्थान मिळाले. युरोपातही हाच प्रवास झालेला दिसतो. ई.एन. १०२०४ या मानकाच्या २००४ च्या आवृत्तीत ३.१ प्रकारच्या प्रमाणपत्रावर निर्मात्याच्याच, परंतु उत्पादन विभागापासून स्वतंत्र असलेल्या, प्रतिनिधीची स्वाक्षरी चालते. ३.२ प्रकारात तिच्या जोडीला खरेदीदाराच्या अधिकृत प्रतिनिधीची किंवा कायद्याने नेमलेल्या निरीक्षकाची स्वाक्षरी लागते. एका छपराखाली पगार घेणारे दोघे, एक माल काढणारा व एक तपासणारा, यांच्यातील स्वातंत्र्य कितपत असते, हा प्रश्न मानकाने सोडविलेला नाही. तो फक्त मांडला आहे.

अंबरनाथच्या आयुधनिर्माणीत (स्थापना १९५३) संरक्षण खात्याची गुणवत्ता तपासणी ही उत्पादनापासून वेगळ्या यंत्रणेकडे ठेवण्याची परंपरा राहिली. कल्याण-ठाणे पट्ट्यातील लघुउद्योजकाला ही चैन परवडणारी नव्हती. त्याच्याकडे पाच माणसे, त्यांतला एक मालक.

प्रमाणपत्राचे बहिरंग व अंतरंग परीक्षण

जुन्या कागदाचे परीक्षण दोन अंगांनी करावे असे इतिहासाच्या पद्धतिशास्त्रात शिकविले जाते. कागद, शाई, अक्षरवळण, शिक्का यांवरून तो अस्सल आहे का हे पाहणे म्हणजे बहिरंग परीक्षण. त्यात लिहिलेले खरे असू शकते का हे पाहणे म्हणजे अंतरंग परीक्षण. वतनाच्या तंट्यांत बनावट कागद सर्रास निघत, म्हणून आपल्या संशोधकांनी ही शिस्त काटेकोरपणे पाळली. (कागदांवरून निवाडा न झाल्यास पूर्वी ‘रवा दिव्य’ करीत. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढणाऱ्याचा हात पाहून निर्णय होई. तेथे कागदाच्या खरेपणासाठी धातू साक्षीला बोलावला जाई, येथे धातूच्या खरेपणासाठी कागद.) ओतकामाच्या टी.सी.ला हीच शिस्त लावता येते.

बहिरंगात पहिली गोष्ट म्हणजे हीट नंबर. एका वेळी भट्टीत वितळविलेल्या धातूच्या घाण्याला एक क्रमांक दिला जातो व तो प्रत्येक नगावर उठावात उमटविला जातो. नगावरील क्रमांक व कागदावरील क्रमांक जुळले नाहीत, तर पुढचे वाचण्याचे कारण उरत नाही. जुन्या घंटेवरील सनाचे काम आज हा क्रमांक करतो. मधल्या व्यापाऱ्याने मूळ प्रमाणपत्र किंवा त्याची प्रत कोणताही बदल न करता पुढे द्यावी असे युरोपीय मानक सांगते. प्रत्यक्षात तिसऱ्या-चौथ्या झेरॉक्सवर क्रमांकाची जागा नेमकी पुसट झालेली आढळते. संशयास वाव असलेली हीच जागा पुसट का होते, हे ज्याने त्याने ठरवावे.

अंतरंग परीक्षणात आकडे एकमेकांशी बोलतात का हे पाहावे लागते. साध्या कार्बन पोलादात ब्रिनेल कठीणतेच्या आकड्यास सुमारे ३.४५ ने गुणल्यास ताणबलाचा मेगापास्कलमधील अंदाज मिळतो. व्हॉल्व्हसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ए.एस.टी.एम. ए २१६ डब्ल्यू.सी.बी. या पोलादाचे ताणबल किमान ४८५ मेगापास्कल असावे लागते. एखाद्या टी.सी.वर ताणबल ५२० आणि कठीणता १२० लिहिली असेल, तर गुणाकार ४१४ च्या आसपास येतो. दोन्ही आकडे एकाच तुकड्याचे असणे संभवत नाही. निरनिराळ्या महिन्यांतील निरनिराळ्या घाण्यांचे कार्बन व मँगनीज दुसऱ्या दशांशापर्यंत तेच ते येत असेल, तर ती भट्टीची शिस्त नसून टंकलेखनाची सोय असण्याची शक्यता अधिक. निसर्गात इतका नीटनेटकेपणा नसतो.

याहून मूलभूत मर्यादा निराळी आहे. प्रमाणपत्रावरील ताणबल हे त्या व्हॉल्व्हचे नसते. त्याच घाण्याच्या धातूतून वेगळ्या ओतलेल्या चाचणीदांड्याचे असते. व्हॉल्व्ह तोडून पाहिला तर विकणार काय ? दांडा बारीक, म्हणून लवकर थंड होतो. व्हॉल्व्हचे धड जाड, म्हणून सावकाश. बिडाच्या बाबतीत थंड होण्याच्या वेगाने ग्राफाइटची रचना बदलते व तिच्याबरोबर बलही. जाड भागाचे बल दांड्यापेक्षा कमी असणे स्वाभाविक असते. शिवाय पोलादी ओतकामास ओतल्यानंतर उष्णोपचार आवश्यक असतो. तो केला नाही तरी रासायनिक घटक तेच राहतात. स्पेक्ट्रोमीटर या चुकीबद्दल अवाक्षर काढीत नाही. त्यासाठी भट्टीच्या तापमानाचा आलेख मागावा लागतो, आणि तो मागणारा खरेदीदार विरळा.

हातात धरून वापरायच्या क्ष-किरण यंत्रांमुळे अलीकडे पडताळणी सुलभ झाली. रासायनिक कारखान्यांत लागणाऱ्या सी.एफ.८एम. या स्टेनलेस ओतकामातील १८ ते २१ टक्के क्रोमियम व २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हे यंत्र काही सेकंदांत दाखविते. परंतु कार्बन त्याला दिसत नाही. सी.एफ.८एम. मध्ये ०.०८ टक्क्यांपर्यंत व सी.एफ.३एम. मध्ये ०.०३ टक्क्यांपर्यंतच कार्बन चालतो. वेल्डिंगनंतर आम्लात टिकणे न टिकणे पुष्कळदा या फरकावर ठरते. येथे यंत्र गप्प बसते, आणि धातूचा तुकडा प्रयोगशाळेत पाठविला नाही तर कागद हाच एकमेव साक्षीदार उरतो.

टॅकोमा येथील प्रकरण

कागदावर विसंबल्याने काय घडू शकते याचे अलीकडील ठळक उदाहरण अमेरिकेतील टॅकोमा शहरातील ब्रॅडकेन ओतशाळेचे आहे. ही ओतशाळा नौदलाच्या पाणबुड्यांसाठी पोलादी ओतकाम पुरवीत असे. तेथील धातुशास्त्र विभागाच्या प्रमुख महिलेने १९८५ ते २०१७ या काळात दोनशे चाळीसहून अधिक ओतकामांच्या बल व चिवटपणाच्या चाचण्यांचे आकडे बदलल्याचे २०२१ मध्ये न्यायालयात कबूल केले. २०२२ मध्ये त्यांना तीस महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. कंपनीने त्यापूर्वीच, २०२० मध्ये, सुमारे १ कोटी ९ लाख डॉलर देऊन तडजोड केली होती. उणे शंभर अंश फॅरनहाइटला चाचणी घेण्याची अट त्यांना निरर्थक वाटत होती, असे तपासात पुढे आले. येथे वैयक्तिक लाभाचा हेतू दिसत नाही. स्वतःचे ज्ञान नियमापेक्षा मोठे मानण्याची वृत्ती दिसते, आणि ती केवळ ओतशाळांतच आढळते असे नाही. बत्तीस वर्षे ना नौदलाच्या, ना कंपनीच्या ध्यानात आलेली ही गोष्ट २०१७ मध्ये प्रयोगशाळेतील एका कर्मचाऱ्याच्या लक्षात आली. एका चाचणीपत्रकावरील आकडा बदललेला त्याला दिसला. म्हणजे शेवटी उपयोगी पडले ते बहिरंग परीक्षणच.

डोंबिवली

डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रात २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांनी अनेकांचे प्राण घेतले, आसपासच्या वस्त्यांतील घरांच्या काचा फोडल्या. दोन्ही वेळी पहिल्या बातम्या ‘बॉयलरचा स्फोट’ अशा होत्या. पुढे तपासाचा रोख रासायनिक प्रक्रियेकडे वळला. या दुर्घटनांचे कारण ओतकामात होते असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु बॉयलर व रिॲक्टर यांतील हा शब्दांचा घोळ कायद्यातील एका वास्तव सीमारेषेकडे बोट दाखवितो. वाफेच्या बाजूचा व्हॉल्व्ह बाष्पक विनियमांखाली येतो. रिॲक्टरच्या बाजूचा दाबपात्राचा भाग दीर्घकाळ कारखाने अधिनियम, १९४८ व महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ यांच्या कक्षेत, म्हणजे वेगळ्या संचालनालयाकडे राहिला. व्यापारात यास सरळ ‘आय.बी.आर.’ व ‘नॉन-आय.बी.आर.’ असे म्हणतात. एकाच ओतशाळेतील, एकाच साच्यातील दोन व्हॉल्व्ह दोन भावांनी विकले जातात. पहिल्यासोबत निरीक्षकाच्या स्वाक्षरीचा विहित नमुना, दुसऱ्यासोबत निर्मात्याची साधी टी.सी. धातू तोच असू शकतो. त्यामागे उभा असलेला माणूस वेगळा असतो. दुसरा व्हॉल्व्ह डागडुजीच्या वेळी घाईने पहिल्याच्या जागी बसविला गेला, तर नळीकडे पाहून ते कोणाला कळणार नाही.

२०२४ च्या दुर्घटनेनंतर येथील धोकादायक कारखाने अन्यत्र हलविण्याची घोषणा राज्य शासनाने केली. कारखाना बंद पडतो किंवा हलतो तेव्हा यंत्रे भंगारात वा जुन्या बाजारात जातात आणि टी.सी.च्या फायली रद्दीत. इतिहास विभागांनी व स्थानिक अभिलेखागारांनी या फायलींची दखल अद्याप घेतलेली दिसत नाही. गिरण्यांच्या हजेरीपत्रकांबाबत असेच घडले होते. व्हॉल्व्ह मात्र घासूनपुसून, रंग देऊन पुन्हा कोठेतरी बसतो. रंगाखाली हीट नंबर उठावात तसाच असतो, आणि ज्या कागदाशी तो जुळवून पाहावयाचा तो कागद कोठेच नसतो.